अर्ज पाठवा, पण आपल्या हाताने



निकालाचे दिवस सरले की आपल्या वस्त्यांमध्ये नोकरीच्या चौकशा सुरू होतात. कुणाचा मुलगा आयटीआय झालेला असतो, कुणाची मुलगी बी.ए. होऊन घरी बसलेली असते. आई-बाप जाहिरातीचे कात्रण किंवा मोबाइलवर आलेला फोटो घेऊन येतात. जाहिरातीच्या तळाशी एक ओळ असते, "बायोडेटा ईमेलने पाठवावा" किंवा "अर्ज फक्त ऑनलाइन स्वीकारले जातील". ती ओळ वाचली की बाप म्हणतो, "भाऊ, हे तं कॅफेवाल्याचं काम आहे ना?" आणि मुलगीही मान हलवते. आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की हे कॅफेवाल्याचे काम नाही. हे त्या मुलीचे काम आहे आणि ते तिला जमण्यासारखे आहे.

कार्डापासून मोबाइलपर्यंत

आपल्या आधीच्या पिढीच्या नोकरीची वाट सेवायोजन कार्यालयातून जात होती. देशात ही कार्यालये १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपता संपता सुरू झाली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना आणि युद्धाच्या कारखान्यांतून मोकळ्या होणाऱ्या कामगारांना काम मिळवून देणे हा त्यांचा पहिला उद्देश होता. १९४८ पासून ती सर्व बेरोजगारांना खुली झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रम खाते बाबासाहेबांकडे होते. म्हणजे ही व्यवस्था त्यांच्याच खात्यात उभी राहिली. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांवर आणि मोठ्या खासगी कारखान्यांवर रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवण्याचे बंधन आले. म्हणून तर आपले वडीलधारे ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपून ठेवत. "कॉल निघाला" हे शब्द ऐकायला घरे दहा-दहा वर्षे थांबली.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांचाच विचार करणे पुरेसे नाही. वर्तमानपत्रातून जाहिरात देऊन इतरांनाही संधी दिली पाहिजे. न्याय म्हणून ते बरोबरच होते. पण तेव्हापासून कार्ड काढून वाट पाहणाऱ्याचा जमाना गेला आणि जाहिरात शोधून अर्ज करणाऱ्याचा आला. आता तो अर्जही कागदावरून मोबाइलवर गेला आहे. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. आपल्या राज्याचे महास्वयम् आहे. दोन्हीकडे नाव नोंदवायला एक पैसाही लागत नाही. ज्यांच्याकडे जुने कार्ड आहे त्यांनी आपली नोंद महास्वयम् वर आहे का, आणि तिथे मोबाइल नंबर चालू असलेलाच आहे का, हे पाहून घ्यावे. अडचण आली तर चंद्रपूर आणि गडचिरोली येथील रोजगार मार्गदर्शन केंद्रात विचारावे.

आपल्या भागाला या बदलाचा फायदाही आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्टेशन एकच, ते वडसा. भामरागड किंवा एटापल्लीहून जिल्ह्याच्या गावी एक अर्ज द्यायला जायचे म्हणजे दिवस गेला, मजुरी बुडाली आणि तिकिटाचे पैसे वेगळे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. तिथल्या मुलाचा अर्ज आता एका क्षणात नागपूरला किंवा पुण्याला पोचू शकतो. नेटवर्क सगळीकडे नाही हे खरे. म्हणूनच अर्ज आधी घरी तयार करून ठेवावा आणि तालुक्याच्या बाजाराला जाल तेव्हा पाठवून द्यावा. शेवटच्या तारखेची वाट पाहू नये, त्या दिवशी संकेतस्थळावर गर्दी होऊन ते अडकते.

कॅफेतून काय घेऊन यावे

कॅफेवाला वाईट असतो असे नाही. त्याच्याकडे रांग असते आणि तो घाईत असतो. घाईत तो स्वतःचा ईमेल टाकतो, कधी स्वतःचा मोबाइल नंबरही टाकतो, म्हणजे ओटीपी लवकर येतो. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. दोन महिन्यांनी परीक्षेचे हॉल तिकीट किंवा मुलाखतीचे बोलावणे त्याच्या पेटीत येऊन पडते आणि इकडे घरचे म्हणतात, "आमच्या पोराले कोणी बलावलंच नाही." बोलावले होते, पण बोलावणे दुसऱ्याच्या दारात गेले.

म्हणून चार गोष्टी पक्क्या करा. पहिली, ईमेल स्वतःचा असावा आणि त्यात आपले नाव असावे. दोस्तांनी ठेवलेले टोपणनाव किंवा सिनेमातल्या हिरोचे नाव नको. दुसरी, मोबाइल नंबर स्वतःचा द्यावा आणि नोकरी लागेपर्यंत तो बदलू नये. रिचार्ज संपले म्हणून सिम फेकून देण्याची सवय फार महागात पडते. तिसरी, पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा. चौथी, फॉर्म भरून झाला की अर्ज क्रमांक असलेल्या पानाची प्रत स्वतःच्या मोबाइलमध्ये घ्यावी. कॅफेवाल्याला मजुरी द्या, पण "पाठवा" हे बटण दाबण्याआधी सगळे पान स्वतः वाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि आधार कार्डावर नावाची इंग्रजी अक्षरे वेगळी असतील तर तीही दुरुस्ती आधीच करून घ्या.

टेबलाच्या पलीकडून

मी कारकून आहे. आलेल्या अर्जांची यादी करणे हे आमच्या जातकुळीचे काम, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो. पूर्वी पाकिटे येत, आता ईमेल येतात. पुष्कळ ईमेलांना विषयच नसतो. आत एक शब्द नसतो, नुसती फाइल जोडलेली. फाइलचे नाव "न्यू डॉक्युमेंट ३". असे तीस अर्ज आले की कोणता कुणाचा हे शोधण्यातच दुपार जाते. काही फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी कंस, आकडे आणि भलतीच चिन्हे दिसतात. त्याचे कारण असे की जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही. म्हणून टाइप करून घेताना यूनिकोड मराठीतच करायला सांगावे आणि फाइल पीडीएफ करून घ्यावी. खासगी कंपनीला बहुधा इंग्रजी बायोडेटा लागतो, तो साध्या सोप्या इंग्रजीत असला तरी चालतो.

मोठ्या कंपन्यांत तर पहिली निवड कधी कधी संगणकच करतो. जाहिरातीतले शब्द, म्हणजे फिटर, वेल्डर, टॅली, डाटा एंट्री, अर्जात आहेत का हे तो शोधतो. टाइप केलेल्या कागदाचा मोबाइलने फोटो काढून पाठवला तर त्यातले शब्द त्याला नीट वाचता येतीलच असे नाही. म्हणून फोटो पाठवू नये, टाइप केलेली फाइलच पाठवावी. आणि जाहिरातीत पदाचे जे नाव दिले आहे तेच आपल्या अर्जात लिहावे.

ईमेलच्या विषयात पदाचे नाव, आपले नाव आणि तालुका लिहावा. फाइललाही आपलेच नाव द्यावे. आणि आत चार ओळी लिहाव्यात, अशा:

"महोदय, आपल्या अमुक तारखेच्या जाहिरातीतील स्टोअर क्लार्क या पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी बी.कॉम. असून एमएस-सीआयटी व टॅलीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दोन वर्षे महिला बचत गटाचे हिशोब लिहिले आहेत. बायोडेटा सोबत जोडला आहे. आपण सांगाल त्या दिवशी मुलाखतीस हजर राहीन."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. एवढे पुरे. विनवणी नको, घरच्या गरिबीचे वर्णन नको. आपण नोकरी मागतो ती कामाच्या बदल्यात.

ठेकेदाराकडचे काम असेल तर तो "व्हॉट्सॲपवर टाक" म्हणतो. तिथेही हीच फाइल आणि ह्याच चार ओळी पाठवाव्यात.

आमच्याकडे लिहिण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. मुले म्हणतात, नोकरी केलीच नाही तर अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? मग तिथे एक आडवी रेघ मारतात. त्या रेघेमागे किती काम दडलेले असते!

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर पुड्यांची नोंद ठेवणारा मुलगा रोजचा हिशोब, मजुरांची यादी आणि वाटप सांभाळतो. हा हिशोबनिसाचा अनुभव आहे. गाव, वर्ष आणि काम लिहा. बचत गटाचे रजिस्टर लिहिणारी, बँकेत जाऊन भरणा करणारी ताई रोखपालाचे काम करते. विहारातल्या वाचनालयाची पुस्तके नोंदवणारा, जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च समाजापुढे मांडणारा, वस्तीत शिकवणी घेणारी, दुकानात बसणारा, भाताच्या गिरणीवर वजनाच्या पावत्या फाडणारा, हे सगळे काम करणारेच लोक आहेत. घरचे काम म्हणून आपण ते मोजत नाही. वाढवून लिहू नका, पण लपवूही नका. तीन महिने केले तर तीन महिने लिहा.

भाषांचा रकाना तर आपल्याकडे सोन्यासारखा आहे. सिरोंच्याच्या मुलाला तेलुगू येते. एटापल्ली-भामरागडकडे माडिया आणि गोंडी कानावर पडते. चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बंगाली वसाहतींच्या शेजारी वाढलेली मुले बंगाली समजतात. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी चालते. दवाखाना, बँक, सर्वेक्षण, सामाजिक संस्था यांना या भाषा बोलणारा माणूस शोधूनही सापडत नाही. आणि आपली मुले त्या रकान्यात मराठी, हिंदी एवढेच लिहून मोकळी होतात.

त्यापुढे शिक्षण, वर्ष आणि गुण, आयटीआयचा ट्रेड, वाहन परवाना असेल तर तो. सगळे मिळून एक पान, फार तर दोन. आधार क्रमांक, बँक खाते किंवा घरच्यांची माहिती बायोडेट्यात लिहायची गरज नाही. ती कागदपत्रे निवड झाल्यावर द्यायची असतात.

कागदाआधी नाव पोचते

आता एक कडू गोष्ट. ऑनलाइन अर्जात माणूस दिसत नाही, पण नाव दिसते. आपल्याकडे आडनावावरून माणूस कुठला हे ओळखणारे पुष्कळ आहेत. ही नुसती शंका नाही. अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे याची परीक्षा घेतली. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांशच निघाली. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. हा अभ्यास २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत छापून आला. अमेरिकेतही २००४ मध्ये अशीच परीक्षा प्रसिद्ध झाली होती. तिथे गोऱ्यांसारखे नाव असलेल्याला एका बोलावण्यासाठी सुमारे दहा अर्ज करावे लागले, काळ्यांसारखे नाव असलेल्याला पंधरा.

हे सांगण्यामागे मुलांना नाउमेद करण्याचा हेतू नाही. उलट आहे. उत्तर आले नाही की आपला मुलगा म्हणतो, "माझ्यातच काही नाही." आई म्हणते, "नशीब." दोघांनीही तसे म्हणू नये. दहा ठिकाणांहून उत्तर आले नाही म्हणून मुलगा नालायक ठरत नाही. समोरच्याच्या चाळणीत खोट असू शकते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. आडनाव लपवून किंवा बदलून अर्ज करण्याचा सल्ला कुणी देईल तर तो मानू नका. प्रमाणपत्राशी नाव जुळले नाही तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. आणि ज्या नावाने शिकलो ते झाकायचे कशाला? दुसऱ्याला दहा अर्ज पुरत असतील तर आपण पंधरा-वीस करायचे, आणि प्रत्येक अर्ज असा करायचा की त्यात बोट ठेवायला जागा राहू नये. अन्यायाविरुद्धचा लढा वेगळा चालू राहीलच, पण तोवर मुलांनी घरी बसून राहू नये.

खासगी बायोडेट्यात जात किंवा धर्म लिहिण्याची गरज नाही. सरकारी अर्जात मात्र तो रकाना फार महत्त्वाचा आहे. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. त्यामुळे धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती, असे दोन्ही भरता येते. भरणाऱ्याने घाईत धर्म हिंदू किंवा प्रवर्ग खुला निवडला आणि प्रमाणपत्रावर वेगळेच असले तर कागदपत्रांच्या तपासणीत अडचण उभी राहते. केंद्राच्या नोकरीसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते, तेही आधीच काढून ठेवा.

पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

सरकारी परीक्षेला शुल्क असते आणि ते त्याच संकेतस्थळावर भरायचे असते. २०२३ च्या तलाठी भरतीत राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते. त्या वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे एका अर्जापायी बापाची तीन दिवसांहून जास्त मजुरी गेली. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. म्हणून भावाने भरला, मित्राने भरला म्हणून मी भरतो असे करू नये. पात्रता वाचावी, आपली तयारी पाहावी आणि मगच पैसे भरावेत.

खासगी नोकरीचा नियम त्याहून सोपा आहे. काम देणारा पैसे मागत नाही. "तुमचा बायोडेटा निवडला आहे, रजिस्ट्रेशनचे दीड हजार टाका", "ड्रेसचे आणि ट्रेनिंगचे पैसे पाठवा, मग ऑर्डर देतो", असा फोन आला की तो लबाड समजावा, मग पत्रावर कुठल्याही मोठ्या कंपनीचा शिक्का असो. वेकोलिच्या खाणीत, वीज केंद्रात किंवा कोनसरीच्या लोह प्रकल्पात लावून देतो म्हणणारे दलाल गावोगावी फिरतात. त्यांच्या हाती शेत गहाण ठेवून पैसे देऊ नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

आई-बापांसाठी दोन शब्द

पुष्कळ घरांत मुलीच्या अर्जावर भावाचा किंवा वडिलांचा नंबर असतो. भाऊ कामावर, वडील शेतात, फोन कुणी उचलत नाही. उचलला तर "कोण बोलते? काय काम आहे?" असे दरडावून विचारले जाते. समोरचा माणूस पुन्हा फोन करीत नाही. मुलगी वीस-बावीस वर्षांची आहे, शिकलेली आहे. तिचा नंबर तिलाच असू द्या आणि बोलणेही तिचे तिलाच करू द्या. काळजी वाटत असेल तर ती योग्य जागी करा. मुलाखतीचा पत्ता लिहून घ्या, तो कार्यालयाचा आहे का ते पाहा, आणि पहिल्या वेळी घरातले कुणीतरी सोबत जा. लॉजच्या खोलीत मुलाखत ठेवणाऱ्याकडे मुळीच पाठवू नका.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास थांबा. ज्यांच्या मुलांचे ईमेल नाहीत त्यांचे काढून द्यायला प्रत्येक वस्तीत एखादा कॉलेजचा मुलगा सापडेल. सोबत दहावी, बारावी, पदवी, जातीचे प्रमाणपत्र आणि एक वही आणा. वहीच्या पहिल्या पानावर ईमेल, दुसऱ्यावर आजवर केलेल्या कामांची यादी, आणि तिसऱ्या पानापासून अर्जांची नोंद. तारीख, कुठे पाठवला, अर्ज क्रमांक, उत्तर काय आले. आमच्या कार्यालयात हिला जावक नोंदवही म्हणतात. ती प्रत्येक घरात असावी, आणि पहिली नोंद मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या अक्षरात करावी.

जयभीम.